पाठवलेलं

देवदत्त फणसळकरने पासवर्ड नेहमीसारखा एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत टाकला आणि पान उघडायची वाट बघत तो मागे टेकला. पान वरून खाली हळूहळू उतरत आलं. आज त्याच्या माथ्यावरची जागा मोजणारी पट्टी काठोकाठ लाल झाली होती. इंग्रजीत लिहिलं होतं की तुमचा मेलबॉक्स भरला आहे, जागा मोकळी करा, नाही तर यापुढे येणारी पत्रं परत पाठवली जातील. जन्मभर कॉलेजच्या ऑफिसात परिपत्रकं वाचलेला माणूस; त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि मुदत कुठे दिली आहे ते शोधलं. मुदत नव्हती. खाली सहीही नव्हती. साळवी स्टॉपजवळच्या या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या कोपऱ्यातल्या खोक्यात बसून आपण दर गुरुवारी काय करतो, हे कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि तरी समुद्रापलीकडे कुठेतरी कोणीतरी त्याच्याकडे काय काय साठलंय ते मोजत बसलेलं होतं. त्याला देवरुखचा उत्सव आठवला. कीर्तनाला सभामंडप भरला की पुजारी हात जोडून म्हणायचे, मंडळी, जरा पुढे सरका, मागच्यांना जागा करून द्या. मग माणसं हसत, एकमेकांच्या मांडीला मांडी लावत सरकायची, आणि कुठून कोण जाणे, जागा व्हायची. ती जागा देवच करतो असं त्याची आई म्हणायची. इथे मात्र कोणालातरी उठवायला लागणार होतं.

"करुणा, जरा इकडे बघतेस काय गो?"

कॅफे चालवणारी करुणा गल्ल्यावरून उठून आली. तिने खोक्याच्या फळीवर कोपर टेकून पडदा वाचला. "भरलाय हो काका तुमचा. फुकटातला आहे, फुकटात किती देणार ते तरी? काढा काहीतरी. काय साठवून ठेवलंत एवढं?"

"देवाची चित्रं आहेत बरीचशी," देवदत्त म्हणाला. ते खोटं नव्हतं. त्याच्या बायकोचा, पद्मजाचा, टेक्सासचा मावसभाऊ रोज एक देव पाठवायचा. लखलखते मुकुट, फिरत्या ज्योती, आणि खाली सूचना, की हे अकरा जणांना पाठवा. देवदत्तने ती कोणाला पाठवली नव्हती. पण काढलीही नव्हती.

"मग टिक करा नि टाका ट्रॅशमध्ये. ती बघा टोपली." करुणा परत जागेवर गेली.

त्याने टोपलीकडे बघितलं. कचऱ्याचीच टोपली होती, चित्रातली का होईना. घरातलं निर्माल्यसुद्धा तो शनिवारी पिशवीत घालून मांडवीला नेत असे आणि भरतीच्या पाण्यात सोडून हात जोडत असे; तडा गेलेली तसबीर आईने वर्षभर माळ्यावर ठेवून मग समुद्राला दिली होती. पुळ्याच्या गणपतीचा फोटो टिक करून टोपलीत टाकायचा, हे त्याच्या बोटाला जमेना. बोट तिथे जायचं आणि परत यायचं. बऱ्याच वेळाने त्याला सुचलं. बाजूला नवीन कप्पा काढायची सोय होती. त्याने कप्पा काढला, त्याला इंग्रजी अक्षरांत निर्माल्य असं नाव दिलं, आणि एकेक देव उचलून त्यात नेऊन ठेवला. शेवटचा ठेवल्यावर सवयीने हात जोडले गेले. मग बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच त्याने नेहमीचं काम उरकलं. हेडफोन डोक्याला लावला, पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला आणि डोळे मिटले.

पुढच्या गुरुवारी लाल पट्टी होती तिथेच होती. करुणाने बघितलं आणि ती इतकी हसली की शेजारच्या खोक्यातल्या कॉलेजच्या मुलाने डोकं वर काढलं. "अहो काका! टेबलावरचं उचलून माळ्यावर ठेवलंत तुम्ही. घर तेवढंच ना? निर्माल्य म्हणे!"

"मग तूच टाक ना जरा," तो म्हणाला, "माझ्या हातून होत नाही."

करुणाचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "म्हणजे तुमचे देव टाकायलासुद्धा आमचीच माणसं होय? बरं आहे हो काका." तिने ते आवाज न चढवता म्हटलं. देवदत्तला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. ती पुढे म्हणाली, "तुमचं तुम्ही टाका. देव काय टोपलीत मावतो होय? रांगोळी आहे ती, विजेची." त्याने मान खाली घालून सगळी टिक केली आणि नाम घेत बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला. एवढे देव गेले, आणि पट्टी जेमतेम नखभर मागे सरली.

"चित्रं हलकी असतात," करुणा म्हणाली. "जड ते इथे आहे. हे बघा, सेंटमध्ये, पाठवलेल्यांत. आवाजाच्या फाइली. ह्या काढल्यात तर सगळं मोकळं."

त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

अपूर्वा, त्याची एकुलती मुलगी, लग्न होऊन टोरंटोला गेली त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळींनी तिला गणपतीत कीर्तन करशील का म्हणून विचारलं. कीर्तनकारणीची मुलगी, तिला येतच असणार, हा त्यांचा हिशेब. अपूर्वाला काय येत होतं तर कीर्तनात झोपणं. लहानपणी ती बापाच्या पेटीमागे सतरंजीवर कलंडायची आणि आरतीच्या गजराला उठून प्रसादाला हात पुढे करायची. पण झोपेत कानावरून गेलेलं वाया जात नाही, ह्यावर देवदत्तचा विश्वास होता. कीर्तनाला आलेला माणूस पेंगला तरी त्याच्या पदरात काहीतरी पडतंच. तिने कळवलं, आई, आख्यान आठवतं, चाली आठवत नाहीत. फोनवर चाल शिकवता येईना, आवाज मागेपुढे व्हायचा. मग करुणाने सुचवलं, इथे माईक आहे, म्हणा आणि पाठवा. आणि पद्मजा आली. देवळात माईकशिवाय शेवटच्या खांबापलीकडे, चपलांच्या ढिगापर्यंत पोचणारा तिचा आवाज, त्याला तिने त्या खोक्यात बसून लहान लहान केलं. शेजारी कोणी अर्ज भरतंय, कोणी चोरून काही बघतंय, आणि मध्ये पद्मजा फणसळकर तोंडाशी माईकचं काळं बोंड धरून साकी म्हणतेय, दिंडी म्हणतेय, अगदी पाळण्यातल्या पोराला म्हणावी तशी. 'हं, आता तू म्हण,' असं म्हणून ती मध्ये थांबायची. त्या थांबण्यात मागून स्कूटरची किक ऐकू यायची, कोणी चहा सांगायचं. मग पुन्हा ती. देवदत्त खोक्याबाहेर स्टुलावर बसून असायचा. पेटी नाही, तबला नाही, नुसता गळा. इतक्या वर्षांत त्याने तो तसा कधी ऐकलाच नव्हता, कारण ती गायची तेव्हा तो वाजवत असायचा.

पुढच्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, आवाज ठेवता आला नाही. गळ्याखाली आता श्वासासाठी एक भोक होतं आणि त्यावर ती पातळ रुमाल बांधायची. त्या वेळी घरात कोणी रडलं नाही. भेटायला येणारी माणसंच रडत, आणि पद्मजा त्यांना कोकम सरबत द्यायची. खरं म्हणजे दोघांत फारसं बदललंही नव्हतं. देवळात उभी राहिल्यावर ती त्याच्याशी खुणांनीच बोलत आली होती. भुवई वर म्हणजे सूर चढव, तळवा आडवा म्हणजे धरून ठेव, दोन बोटं म्हणजे ध्रुवपदावर ये. गुहागरला एकदा पूर्वरंगात श्लोक विसरली तेव्हा तिने नुसतं त्याच्या पेटीकडे बघितलं, आणि त्याने दोन सूर असे दिले की श्लोक तिला आठवला. श्रोत्यांना वाटलं, बाई भावात गेल्या. तीच खुणांची भाषा आता स्वयंपाकघरात आली. तळवा आडवा म्हणजे गॅस बारीक कर. उरलेलं तो तिच्या ओठांवरून वाचायचा. ओठ हलत, शब्द होत, फक्त त्यांत आवाज नसे. लांबून समुद्र बघावा तसं. पेटीवर खोळ चढली. त्याला इतर बुवांची बोलावणी आली, त्याने पाठदुखी सांगितली.

आणि गुरुवार सुरू झाले. पहिल्यांदा तो खरोखरच अपूर्वाचं पत्र बघायला आला होता. चुकून पाठवलेल्यांचा कप्पा उघडला, तारखा दिसल्या, एक फाइल लावली, आणि पद्मजाने कानात म्हटलं, 'हं, आता तू म्हण.' हेडफोनच्या फाटक्या स्पंजाला दुसऱ्या कोणाच्या तेलाचा वास होता. बाहेर करुणा कोणालातरी वेळ झाली म्हणून ओरडत होती; ते आत्ताचं की तेव्हाचं, ते त्याला कळेना. घरी गेल्यावर पद्मजाने दार उघडलं आणि ओठांनी विचारलं, उशीर? तो म्हणाला, ऑफिसात काम होतं. का म्हणाला ते त्याचं त्याला समजलं नाही. पण एकदा म्हटल्यावर दर गुरुवारी तेच म्हणायला लागलं, आणि हळूहळू त्याला त्यात एक चोरटी चव लागायला लागली. जेवताना समोर बसलेल्या बाईकडे बघून त्याच्या मनात यायचं, आपण आत्ता हिला सोडून हिलाच भेटून आलो. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. एखाद्या आख्यानातही असलं पाप ऐकलं नव्हतं, नाही तर त्याचं प्रायश्चित्तही ऐकलं असतं. करुणाने एकदा सहज म्हटलं होतं, काका, फ्लॉपीत उतरवून देऊ काय, घरी असू दे. तो इतक्या घाईने नको म्हणाला की ती बघत राहिली. फ्लॉपी घरी न्यायची म्हणजे ते घरात आणणं. मग ते कपाटात ठेवायला लागणार, आणि कपाट पद्मजा आवरते.

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा तो आंघोळीला होता. पद्मजाने उचलला. अपूर्वाशी ती अशीच बोले. पोर तिकडून बोलत सुटायची आणि ही रिसीव्हरवर नखाने वाजवायची, एकदा वाजवलं की हो, दोनदा की नाही. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला तर नखाचं वाजणं चालू होतं. तिने रिसीव्हर त्याच्या कानाला लावला.

"बाबा, काय हो तुम्ही! आईला आत्ताच सांगितलं मी. मागच्या महिन्यात मी अख्खं कीर्तन केलं इथे, उत्तररंगासकट. एकाने रेकॉर्ड केलंय. आईने ऐकायला हवंय, गणपतीत पुन्हा करायचंय, चुका कोण सांगणार मला? दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. तुमची मेल भरलीय म्हणे. काय ठेवलंय त्यात? मासे खारवलेत काय?"

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो नको. काढा. आई ऐकेल तर मला कळेल ना मी कुठे आहे ते."

फोन ठेवून तो वळला तर पद्मजा उभी होती. नेहमीची, कपाळावर दळणाचं पीठ. तिने स्वतःकडे बोट केलं, मग दाराकडे. मी पण येते. आणि ओठांनी, सावकाश, त्याला वाचता यावं म्हणून: आजच.

वाटेत तो तिला रिक्षात काही सांगायच्या विचारात होता. वाक्य जुळत नव्हतं. तुझा आवाज आहे त्यात, म्हणायचं? तो तर तिलाच ठाऊक होता. तिनेच पाठवला होता. मग काय सांगायचं, की मी तो ऐकतो? नवऱ्याने बायकोचा आवाज ऐकावा यात सांगण्यासारखं काय? भाट्याच्या पुलाकडून वारा येत होता आणि तिच्या गळ्याचा रुमाल हलत होता, श्वासाने की वाऱ्याने, कळत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं, की अपूर्वाचं यायला जागा हवी, आणि जागा एकच आहे. मुलीचा आवाज आत यायचा तर बायकोचा बाहेर जायला हवा होता. आणि हे त्याने ठरवायचं, की तिने, हेही ठरलं नव्हतं.

कॅफेच्या दारात दोघांना बघून करुणा उभीच राहिली. "काकू! या या. किती दिवसांनी! बसा, कोपऱ्यातलंच देते. काकांची जागाच आहे ती. दर गुरुवारी येतात, तुमचंच ऐकत बसतात. डोळे मिटून. मी म्हणते, असा नवरा पाहिजे."

देवदत्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. पद्मजाने त्याच्याकडे वळून बघितलं. ही नजर त्याने देवळात पाहिली होती, त्याचं बोट चुकून शेजारच्या सुरावर पडलं की ती अशी बघायची. त्यात राग नसायचा. आख्यान थांबायचं नाही. एवढंच, की मला कळलं. मग तिने हात पुढे केला, तळवा वर. त्याने हेडफोन तिच्या हातात दिला.

तिने पहिली फाइल लावली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता; आवाज त्याला ऐकू येत नव्हता, पण कुठे काय चाललंय ते ओळीनिशी ठाऊक होतं. आता साकी. आता ती थांबली असेल. आता म्हणेल, हं, आता तू म्हण. पद्मजाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. परक्या बाईचं कीर्तन ऐकताना ती बसायची तशी ती बसली होती, मान जरा तिरकी, सगळं मोजत. एका जागी तिने नाक मुरडलं आणि दोन बोटं चिमटीसारखी धरून वर केली. सूर चढला होता. त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. इतक्या गुरुवारांत नाही.

फाइल संपली. तिने दुसरी लावली नाही. हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि माउस धरला. एकेक चौकटीत टिक पडत गेली.

"पद्मा," तो म्हणाला. आपला आवाज त्याला मोठा वाटला. "एक राहू दे. एक ठेव. बाकीच्या काढ."

तिने मान हलवली, नाही.

"काकू, फ्लॉपीत घालून देऊ काय? दोन मिनिटांचं काम आहे," करुणा म्हणाली. ती मागे येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या तोंडावरची थट्टा गेली होती.

पद्मजाने तिच्या हातावर हात ठेवला, थोपटला, आणि नाही म्हटलं. मग ती देवदत्तकडे वळली. ओठ हलले. इतके सावकाश की तिसऱ्या माणसालाही वाचता आलं असतं. ते अपूर्वासाठी होतं. पोचलं तिला.

"आणि मी?" हे त्याच्या तोंडून निघून गेलं. देवळात असतं तर त्याने जीभ चावली असती.

तिने बटण दाबलं. टोपलीचं चित्र आलं, तेही तिने रिकामं केलं. करुणाने दाखवायची गरज पडली नाही. पट्टी लाल होती ती हिरवी झाली. देवदत्तला वाटलं होतं की काहीतरी होईल, छातीत किंवा कानात. काही झालं नाही. बाहेर एसटी वळली तेव्हा प्लायवूड थरथरलं. त्याने अपूर्वाला एका ओळीत लिहिलं, जागा झाली, पाठव. घरी जाताना पद्मजाने बाजारात थांबून पडवळ घेतलं, आणि ते चांगलं बघून घेतलं.

शनिवारी दोघं परत आली तेव्हा कीर्तन दोन भागांत येऊन पडलं होतं. करुणाने गल्ल्याखालून दोन लहान स्पीकर काढून जोडून दिले. "वाजू दे मोठ्याने. आज कोणी नाही. मला पण कळू दे कसं असतं ते." पहिल्यांदा खुर्च्यांचे आवाज आले, कोणाचं तरी खोकणं, इंग्रजीत दोन शब्द. मग चिपळ्या वाजल्या, आणि अपूर्वाने नमन धरलं. देवदत्त ताठ झाला. आवाज पद्मजाचा नव्हता. त्याला कुठेतरी वाटत होतं की तो असेल. निदान एखाद्या वळणावर, एखाद्या उताराला. हा घोगरा होता, जमिनीलगतचा, त्याच्या आईच्या जात्याजवळच्या आवाजासारखा, आणि घाबरलेला. पण तो चालत होता. दिंडीवर आल्यावर त्याने थोडा दम घेतला आणि पुढे गेला. तिकडे परदेशातल्या कुठल्या सभागृहात बूट काढून बसलेल्या माणसांनी गजर केला, तेव्हा करुणाने नकळत टाळी धरली आणि मग हात मागे घेतला. पद्मजाने तिच्याकडे न बघता तो हात परत पुढे ओढला. देवदत्तचे डोळे उघडे होते. ऐकताना डोळे मिटायचं त्याला आज सुचलं नाही, कारण पद्मजा सारखी काहीतरी खुणावत होती, इथे बघ, इथे लांबलं, इथे चुकली, हे बरं होतं.

आरती झाली. पद्मजाने कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. लिही.

तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागला. एक बोट, एक अक्षर. तिचे ओठ बघायचे, मग खाली बघून अक्षर शोधायचं, मग पुन्हा ओठ. पूर्वरंग फार लांबला. लोक आख्यानाला आलेले असतात, तुझं वाचन ऐकायला नाही. साकी घाईत म्हटलीस. एवढी कसली घाई, गाडी सुटत होती काय? अभंगाला चाल बरोबर, पण तिसऱ्या चरणाला श्वास घे, मध्ये तोडू नकोस. अक्षरं काही केल्या सापडत नव्हती, तो खाली वाकूनच राहिला. चिपळ्या शब्दावर नाही मारायच्या, शब्द पोचला की मारायच्या. घाबरतेस कशाला? तिथे बसलेत ते तुला खायला बसलेत? माणसं घरदार सोडून ऐकायला येतात, त्यांच्याकडे बघ, आपल्या पायांकडे बघू नकोस. शेवटचं मागणं मात्र अगदी मनापासून म्हटलंस. खूप छान झालं.

तो थांबला. मान वर करायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. शेवटच्या कितीतरी ओळी लिहिताना त्याने तिच्या ओठांकडे बघितलंच नव्हतं. तो हळूच वळला. पद्मजाचे ओठ मिटलेले होते. पुढे वाकून, चष्मा नाकावर ओढून, ती पडद्यावरचं वाचत होती, पहिल्या ओळीपासून, आणि श्वासाने तिचा रुमाल हलत होता. ती सगळं वाचेपर्यंत तो तिच्याकडे बघत बसला. तिने हात लांब केला, माउसने नेमकी जागा गाठली, 'खूप' तेवढं एकेक अक्षर करून पुसलं, बाकीचं राहू दिलं, आणि पाठवायचं बटण स्वतःच दाबलं.